दोन पदांमधील बोल
(सीमाभागातील निरूपण-परंपरेचा एक मागोवा)

उत्सवाच्या रात्री देवळाच्या सभामंडपात बसलेल्या भाविकाला पद आठवते, पदाची चाल आठवते, मृदंगावर पडलेली एखादी थापही वर्षानुवर्षे आठवत राहते. परंतु एक पद संपून दुसरे सुरू होईपर्यंत गाणारा श्रोत्यांशी जे चार शब्द बोलला, ते मात्र घरी पोहोचेपर्यंत विसरले जातात. संगीताच्या इतिहासकारांनीही या चार शब्दांकडे फारसे लक्ष दिलेले नाही. घराण्यांचा इतिहास झाला, नाटक मंडळ्यांचा झाला, राग-बंदिशींचाही झाला. दोन पदांच्या मधल्या बोलण्याचा इतिहास तसाच राहिला. स्मरणिकेच्या निमित्ताने या उपेक्षित विषयाकडे महाजन बंधुभगिनींचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय बेळगाव-निपाणीच्या मुलखातूनच का पाहावयाचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचा धार्मिक जाच सुरू झाला आणि कुलदेवतांना आपली मूळ स्थाने सोडावी लागली. श्रीमंगेशाची स्वारी १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास आली. इतर अनेक दैवतेही अंत्रुज महालाच्या आश्रयाला गेली. त्या काळात आणि त्यानंतरही अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी घाट चढून चंदगड, खानापूर, शहापूर, बेळगाव या भागांत स्थिरावली. या कुटुंबांच्या स्वयंपाकघरात कोकणी राहिली, पेठेत व कचेरीत कानडी आली, आणि देवळातील पोथी, आरती व कीर्तन यांची भाषा मराठी झाली. एकाच दिवसात तीन भाषांतून वावरणाऱ्या अशा श्रोत्यांपुढे नुसते पद गाऊन भागत नाही. ते उलगडून सांगावे लागते. म्हणूनच गाण्याच्या मधले बोलणे ही या भूमीत हौसेची गोष्ट न राहता गरजेची झाली.

कीर्तन : बोलण्याचे शास्त्र

गाणे आणि बोलणे यांचा सर्वांत जुना व सर्वांत शिस्तबद्ध संसार नारदीय कीर्तनात दिसतो. कीर्तनकार नमन करून मूळ पद गातो. ते बहुधा संतांचा एखादा अभंग असते. त्यानंतर पूर्वरंगात तो त्या पदाचे निरूपण करतो. एकेका शब्दावर थांबतो, दृष्टांत देतो, श्रुतिस्मृतींची साक्ष काढतो, मध्येच श्रोत्यांना हसवतो आणि पुन्हा पदाकडे वळतो. मध्यंतरात नामाचा गजर होतो, बुवांना हार घालून बुक्का लावला जातो. मग उत्तररंगात आख्यान उभे राहते. तेथे साकी, दिंडी, ओवी, कटाव आणि मोरोपंतांच्या आर्या यांच्या जोडीने गद्य कथन चालते. शेवटी सर्व धागे गोळा करून कीर्तनकार आरंभीच्या पदावर येतो.

या शेवटच्या परतण्यातच निरूपणाचे मर्म आहे. पद तेच, चाल तीच. पण दोन तासांपूर्वी ते केवळ कानाने ऐकणारा श्रोता आता ते अर्थासह ऐकत असतो. मधल्या बोलण्याने त्याचे कान तयार केलेले असतात.

निरूपणाला स्वतःचे तंत्र आहे. कीर्तनकार बोलत असता पेटीवाला षड्ज धरून ठेवतो, त्यामुळे बोलणेही सुराच्या सावलीतच चालते. बोलण्याचा शेवटचा शब्द पुढच्या पदाच्या पहिल्या शब्दाला अशा खुबीने जाऊन भिडतो की गद्य केव्हा संपले व पद्य केव्हा सुरू झाले, हे श्रोत्याला उमगत नाही. ज्याला हा सांधा साधला तो खरा कीर्तनकार, असे आमचे वडीलधारे म्हणत.

आमच्या भागात या तंत्रात आणखी एका गुणाची भर पडली. सभामंडपात कानडी बोलणाऱ्या बायाबापड्या मोठ्या संख्येने बसलेल्या दिसल्या, म्हणजे जाणता कीर्तनकार मराठी निरूपणात दोनचार कानडी वाक्ये सहज पेरीत असे, आणि विठ्ठलाचा विषय निघाला की पुरंदरदासांच्या एखाद्या पदाची आठवण देत असे. ज्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले आणि ज्याचे नाव पुरंदरदासांनी आपल्या पदांच्या मुद्रेत गुंफले, त्याच्यापुढे भाषेची कुंपणे टिकावीत तरी कशी? बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीचे श्रीपंतमहाराज (१८५५–१९०५) यांची शेकडो मराठी पदे ‘श्रीदत्तप्रेमलहरी’त संग्रहित आहेत. त्यांच्या कानडी पदांचाही भक्तगणांत आदर आहे. या मातीत दोन्ही भाषा एकाच टाळावर नांदल्या, त्याचेच हे प्रत्यंतर होय.

मराठी निरूपणाची ही पद्धत आपल्या मुलखापुरती राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात मोरगावकरबुवांसारखे कीर्तनकार तंजावरास गेले. तेथील मराठी राजघराण्याच्या आश्रयाने कीर्तनाला आधीच अनुकूल वातावरण होते. तंजावर कृष्ण भागवतर यांनी हे मराठी वळण आत्मसात करून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते तमिळ हरिकथेत रुळली, इतकेच नव्हे तर ‘निरूपण’ हा शब्दही तिकडे जाऊन राहिला.

कर्कीचे भागवत आणि सांगलीचे सूत्रधार

कीर्तनाप्रमाणेच मराठी रंगभूमीचा जन्मही गाणे व बोलणे यांच्या सांध्यावर झाला, आणि तो सांधा कानडी मुलखातून आला. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली व तिने श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांपुढे खेळ केला. त्या खेळात भागवत पदे म्हणे आणि सोंगे घेतलेले नट त्या पदांच्या अनुरोधाने आपल्या मनचे बोलत. श्रीमंतांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनी त्याच धर्तीवर मराठी खेळ रचला आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले.

भाव्यांच्या नाटकात सूत्रधार आपल्या साथीदारांसह रंगभूमीवर उभा राही. मंगलाचरण झाले की विदूषक येई. सूत्रधार आणि विदूषक यांच्या संवादातून प्रेक्षकांना पुढील खेळाची कल्पना मिळे. गणपती-सरस्वतींची स्तवने होत आणि मग आख्यान सुरू होई. प्रसंगाचे वर्णन करणारे पद सूत्रधार म्हणे आणि पद संपताच पात्रे उत्स्फूर्त भाषणे करीत. लिहून दिलेली पदेच असत. बोलणे नटांच्या प्रतिभेवर सोपविलेले असे. राक्षसांच्या आरडाओरडीमुळे पुढील काळात या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणविले गेले, हे खरे. परंतु एका पदापासून दुसऱ्या पदापर्यंत प्रेक्षकाला बोलत बोलत नेण्याची कला मराठी नटाने प्रथम येथेच गिरविली.

आपल्या वाचकांसाठी यात एक जवळिकीचा धागा आहे. बेळगावला खेटून असलेले शहापूर हे त्या काळी सांगली संस्थानाचे गाव होते आणि संस्थान विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, ते तसेच राहिले. ज्या दरबारात मराठी नाटकाचा पाळणा हलला, त्याच दरबाराची सत्ता शहापूरच्या विणकरांच्या व सराफांच्या पेठेवर चालत होती.

गुर्लहोसूरचे अण्णासाहेब

सूत्रधाराच्या तोंडचे पद काढून ते पात्राच्या तोंडी घातले ते आपल्याच जिल्ह्यातील एका पुरुषाने. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ‘सीतास्वयंवरा’चे आणि त्यांचे जन्मवर्ष एकच, हा योगायोग मोठा सूचक आहे. नोकरीनिमित्त व नाट्यप्रेमापोटी त्यांचा बेळगावशी निकटचा संबंध राहिला. पुढे नाटककार म्हणून नावारूपाला आलेले गोविंद बल्लाळ देवल यांनाही अण्णासाहेबांचा सहवास बेळगावातच लाभला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले, आणि १८८५ मध्ये अण्णासाहेब निवर्तले. अवघ्या पाच वर्षांत त्यांनी मराठी संगीत नाटकाला कायमचे वळण लावले.

अण्णासाहेबांनी पदांसाठी चाली कोठून घेतल्या, हे पाहिले म्हणजे त्यांची मुळे कोठे होती ते कळते. साकी व दिंडी त्यांनी कीर्तनातून आणल्या आणि लहानपणापासून कानांवर पडलेल्या कानडी चालींचाही मनमुराद उपयोग केला. सूत्रधार व नटी आता आरंभीच्या प्रवेशापुरते उरले. त्या प्रवेशात ते प्रेक्षकांना आजचा खेळ कोणता ते सांगत आणि निघून जात. पुढील सर्व वेळ पदाआधीचे गद्यच निरूपणाचे काम करी. नटाने गद्य नीट म्हटले नाही तर पुढचे पद कितीही सुरेल असले तरी अधांतरी लोंबकळते, हे जुन्या तालीममास्तरांना पुरते ठाऊक होते.

या काळात बोलणे एकतर्फीही नव्हते. पद आवडले की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे, आणि नट भूमिकेतून क्षणभर बाहेर येऊन ती विनंती मान्य करी. बालगंधर्वांनी प्रेक्षकांना ‘मायबाप’ मानले ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. आपले गाणे ऐकणाऱ्याच्या अन्नावर व प्रेमावर जगते, ही त्यांची धारणाच होती. हुबळीस १९०८ मध्ये केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली, यावरून हा मराठी-कानडी पट्टा संगीत नाटकाला किती मानवला होता, याची कल्पना यावी.

तमाशाचा फड आणि शाहिराचा डफ

देऊळ व नाटकगृह यांच्या बाहेरही हीच रीत चालू होती. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी येते. गौळणींची मावशी आणि पेंद्या यांचे बोलणे थेट समोरच्या प्रेक्षकांना उद्देशून असते. पोवाड्यात शाहीर मध्येच डफ थांबवून प्रसंग गद्यात सांगतो आणि झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ वर पुन्हा चौक उचलतो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर या शाहिरांनी याच पद्धतीने सभा जिंकल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव, निपाणी, खानापूर हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर मराठी माणसाच्या मनातील व्यथा अनेकदा डफाच्या दोन थापांमधील शब्दांतच व्यक्त झाली.

मैफलीतील मौन आणि मैफलीतील बोल

ख्यालगायनाच्या मैफलीचा धर्म निराळा. तेथे सूरच सर्व काही सांगतो, असे मानणारी थोर परंपरा आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांना गाताना श्रोत्यांची चुळबूळदेखील खपत नसे. त्यांचे मौनही श्रोत्यांना शिस्त लावणारे होते.

तरीही याच प्रांतात बोलक्या मैफलीचे एक निराळे लेणे घडले. बेळगावजवळील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, यांनी मातृभाषा कानडी असूनही मराठी रसिकांच्या हृदयात अढळ स्थान मिळविले. एका सूत्राभोवती संपूर्ण कार्यक्रम गुंफण्याची त्यांची पद्धत सर्वश्रुत आहे. ‘गीतवर्षा’, सूर-कबीर-मीरांची ‘त्रिवेणी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही नावे नुसती वाचली तरी ध्यानात येते की येथे गायक आपल्या आकलनात श्रोत्याला सहभागी करून घेऊ इच्छितो. ‘मला उमजलेले’ या दोन शब्दांत निरूपणाचे सारे तत्त्व साठविले आहे. मी काय समजलो ते सांगतो, आता तुम्ही ऐका. कीर्तनकाराच्या पूर्वरंगाची भूमिका याहून वेगळी काय असते?

श्रोत्यांच्या बाजूचे बोलणे पाहावयाचे असेल, तर पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’मध्ये चितारलेले बेळगावचे रावसाहेब आठवावेत. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांचे घराणे चंदगड तालुक्यातील जंगमहट्टीचे, म्हणजे याच मुलखातले. नाटक-संगीतावर जीव टाकणारे कृष्णराव हरिहर ऊर्फ रावसाहेब, त्यांची कानडी वळणाची मराठी आणि मनापासून येणारी सढळ दाद पु. लं.नी अमर करून ठेवली. बेळगावचा श्रोता असा होता. व्याकरण चुकले तरी त्याची दाद चुकत नसे. असा श्रोता समोर असेल तर गाणाऱ्याला बोलावेसे वाटणारच.

ध्वनिक्षेपक आला, निवेदक आला

धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये आणि सांगलीचे १९६३ मध्ये सुरू झाले, आणि आमच्या घराघरांत गाण्याच्या मधला एक नवाच आवाज येऊ लागला. तो गायकाचा नव्हता, निवेदकाचा होता. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले; वर्षभरात छप्पन्न गीते झाली. पुढे रंगमंचावर ते सादर करताना फडके गीतांच्या दरम्यान प्रसंग सांगत, आणि उत्तररंगाची आठवण श्रोत्यांना सहज होई. गदगचे पं. भीमसेन जोशी मराठी ‘संतवाणी’ आणि कानडी ‘दासवाणी’ सारख्याच ओढीने गात. अभंगांच्या अशा कार्यक्रमांत निवेदकाला मानाचे आसन मिळाले.

निवेदकाचे येणे मुळात अनिष्ट नव्हते. चांगला निवेदक म्हणजे भाव्यांचा सूत्रधारच. तथापि एक फरक पडला. पूर्वी जो गाई तोच बोले, त्यामुळे बोलण्यावर गाण्याचा धाक असे. आता बोलणारा वेगळा आणि गाणारा वेगळा झाला, आणि बोलण्यावरचा तो धाक गेला.

काही वर्षांपूर्वी एका उत्सवात आम्हांला याचा अनुभव आला. स्थळाचा उल्लेख येथे अप्रस्तुत आहे. अभंगगायनाचा कार्यक्रम होता आणि गायिका गुणी होती. परंतु प्रत्येक अभंगाचा शेवटचा सूर विरण्याआधीच निवेदकाचा आवाज ध्वनिक्षेपकातून कानांवर आदळे. देणगीदारांची नावे, मान्यवरांचे आगमन, टाळ्यांची मागणी, हवापाण्यावरील विनोद हे सर्व झाले. अभंग कोणाचा, त्यातला अवघड शब्द कोणता, तो आज येथे का गावयाचा, याविषयी एक अक्षरही निघाले नाही. आमच्या शेजारी परगावाहून आलेला एक कुमार बसला होता. त्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले. त्याने हळूच विचारले, “आजोबा, आता म्हटलं त्याचा अर्थ काय?” आम्ही सांगू लागलो तोवर पुढची घोषणा सुरू झाली. त्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला, आणि प्रस्तुत लेखाचे खरे कारण तो प्रश्नच आहे.

आपल्या उत्सवांपुरते

आज बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे (२०१४). आपल्या कुटुंबांतील मुले कानडी वा इंग्रजी माध्यमात शिकतात, पुण्या-बंगळुरास आणि परदेशात राहतात व उत्सवापुरती येतात. त्यांच्या घरी कोकणी अजून बोलली जाते. मोरोपंतांची आर्या मात्र त्यांना परक्या देशातली वाटते. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या आजोबांनाही ती आर्या जन्मतः कळत नव्हती. कीर्तनकाराने ती दहा वेळा उलगडून दाखविली म्हणून कळली. घाट चढून आलेल्या कुटुंबांनी देवळातील मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकवली ती व्याकरणाच्या पुस्तकांच्या जोरावर नव्हे. सभामंडपात दोन पदांच्या मध्ये ऐकलेल्या बोलांच्या जोरावर टिकवली. हे बोल थांबले तर पदे ध्वनिमुद्रिकांतून शिल्लक राहतील, परंतु ती समजणारा श्रोता शिल्लक राहणार नाही.

म्हणून महाजन मंडळींपुढे काही नम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात. उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत निदान एक रात्र पूर्ण कीर्तनाला द्यावी, आणि ‘वेळेअभावी’ त्यातील पूर्वरंग कापू नये. कीर्तनकारांना आमंत्रण देताना समोर कोकणी-कानडी बोलणारी तरुण मंडळी असतील, याची पूर्वकल्पना द्यावी. जाणता कीर्तनकार आपोआप आपली भाषा तशी वळवील. भजन वा अभंगाचा कार्यक्रम असेल तर आभार व देणग्यांच्या घोषणा आरंभी किंवा शेवटी उरकाव्यात, आणि गीतांच्या मधला अवकाश गीतांनाच राखून ठेवावा. निवेदकाला पदांची यादी आठवडाभर आधी मिळावी, म्हणजे अर्थ शोधण्यास त्याला अवसर मिळेल. यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही.

सूत्रधार रंगभूमीवरून गेला, ‘वन्स मोअर’ची आरोळी विरली, रावसाहेबांसारखे श्रोतेही काळाच्या पडद्याआड गेले. मात्र निरूपणाची गरज गेलेली नाही. उलट ती पूर्वीपेक्षा वाढली आहे. पुढील उत्सवात तो कुमार पुन्हा सभामंडपात येऊन बसेल, तेव्हा त्याच्या प्रश्नाचे उत्तर पद सुरू होण्यापूर्वीच त्याच्या कानी पडावे, एवढी सद्बुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.